बारावं पादस्नान

शाहूपुरीतल्या त्या मंगल कार्यालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या. मागची माणसं बाकांवर चढून माना उंच करत होती, बायका भिंतीकडेला दाटीवाटीनं बसल्या होत्या, आणि दारात चपलांचा असा ढीग पडला होता, की जाताना आपलीच चप्पल मिळेल याची खात्री कुणी दिली नसती. समोर व्यासपीठावर ओळीनं सहा पांढरे प्लास्टिकचे टब. प्रत्येक टबासमोर खुर्ची, खुर्चीत एकेक आजारी माणूस, आणि त्याच्या गुडघ्यापासून टबापर्यंत सगळं झाकणारी भगवी शाल. शालीखालून बारीक फुसफुस ऐकू येत होती.

"ऐकलात?" तेजोनाथांनी माईक एका शालीजवळ नेला. फुसफुस लाऊडस्पीकरमधून साऱ्या हॉलभर पसरली. "हा फूत्कार नागाचा नाही, माझाही नाही. हा तुमच्या रक्ताचा आहे! लोखंडाला गंज चढतो, तसा रक्तवाहिन्यांना आतून गंज चढतो. याला म्हणतात ऑक्सिडेशन. अमेरिका आज म्हणते, आमचे ऋषी तेव्हाच म्हणाले होते! आणि डॉक्टर काय देतो? गोळी. गोळी म्हणजे केमिकल. केमिकलनं गंज वाढतो की कमी होतो?"

"वाढतो!" हॉल एका सुरात ओरडला.

तेजोनाथांचा वेश पांढरा सफारी आणि गळ्यात रुद्राक्ष असा होता. म्हणजे कपड्यांनी कंपनीचा मॅनेजर आणि गळ्यानं महाराज. ज्याला जे हवं, ते त्यानं बघावं. त्यांनी शेवटच्या टबावरची शाल झटक्यात ओढली.

"अगं बया बया!" पुढच्या रांगेतली धोंडुबाई तोंडावर हात ठेवून ओरडली.

अर्ध्या तासापूर्वी नितळ असलेलं पाणी विटेसारखं तांबडं झालं होतं. वर पिवळट फेस, तळाला काळपट गाळ. टबाच्या दोन काठांना धातूचे दोन नाग अडकवलेले, फणा बाहेर, शेपूट पाण्यात. फण्यांमागून दोन वायरी निघून मागच्या झाकलेल्या 'शक्तिपेटी'त गेल्या होत्या. आणि दोन नागांच्या मधोमध तानूबाईचे दोन सुजलेले पाय.

"पिवळा रंग यकृताचा. तांबडा रक्तवाहिन्यांचा. आणि हा काळा पाहिलात?" तेजोनाथांनी आवाज खाली आणला. "हा जुन्या दुःखाचा. माउलीचा तरुण मुलगा गेला. ते दुःख रक्तात साकळलंय. अकरा स्नानं झाली, बाराव्यात सगळं बाहेर."

हॉलभर हळहळ पसरली. तानूबाईनं डोळ्यांना पदर लावला. तिच्या खुर्चीशेजारी तिचा नवरा गणपती तिच्या चपला हातात धरून खाली बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

खरं म्हणजे त्या गर्दीत हे सगळं आधी कुणाला कळायला हवं होतं, तर या गणपतीला. शिरोली एमआयडीसीत बसवराज मालकांच्या प्लेटिंगच्या, म्हणजे लोखंडावर निकेलचा मुलामा चढवायच्या कारखान्यात तो बावीस वर्षं टाकीवर उभा होता. लोखंडी जॉब, म्हणजे सुटे भाग, ॲसिडात बुडवून गंज काढायचा, धुवायचे, निकेलच्या टाकीत सोडायचे, करंट चालू करायचा. खारं पाणी, दोन धातू आणि वीज एकत्र आली की काय होतं, हे त्याच्याइतकं कोल्हापुरात थोड्यांनाच ठाऊक असेल. आणि हाच गडी बाकीच्यांसारखा त्या तांबड्या पाण्याकडे बघत बसलेला! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

पण त्याला हसण्याआधी थोडं ऐका. दोन वर्षांपूर्वी त्याचा एकुलता मुलगा संघर्ष तापानं चार दिवसांत गेला. तेव्हापासून गणपती बधिर होता. तो रडला नाही, कुणावर ओरडला नाही. सकाळी सातची शिफ्ट, संध्याकाळी गडमुडशिंगीतलं घर, ताटात पडेल ते खायचं आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. लोक म्हणायचे, माणूस धीराचा आहे. धीर कसला! बोटाला ॲसिडचा चटका बसला तरी दुसऱ्यानं सांगेपर्यंत तो हात काढत नव्हता.

तानूबाईचं बधिरपण निराळं. तिला सहा वर्षांपासून साखरेचा आजार, आणि अलीकडे तळव्यांना काही कळेनासं झालेलं. "पायात गोधडीचं मोजं घातल्यागत वाटतंय," म्हणायची. गणपती "हूं" म्हणायचा. एका घरात दोन बधिर माणसं राहायला लागली की घरालाही वाचा राहत नाही.

त्या घरात अंगारा कधी शिरला नव्हता. गणपतीच्या वडिलांनी बाबासाहेबांच्या मागोमाग धम्मदीक्षा घेतली, त्या दिवशी देव्हारा उतरला तो उतरला. कुणी म्हणालं असतं 'देवऋषी आलाय, चला', तर गणपतीनं त्याला चहासुद्धा न पाजता वाटेला लावलं असतं. पण कारखान्याच्या गेटसमोर चहाची गाडी लावणारा केरबा वेगळंच बोलला.

"देव न्हाय, धरम न्हाय, गणपादा. सायन्स हाय सायन्स! वैनीच्या रगताला गंज चढलाय. त्यो तेजोनाथ करंट लावून काढतोय. तुमचंच काम की ते!"

गंज हा गणपतीच्या धंद्यातला शब्द. गंज चढतो, आणि काढलाही जातो, हे तो रोज हातांनी करत होता. तिथंच तो फसला. पहिल्याच रविवारी तेजोनाथांनी तानूबाईच्या गोळ्या बंद केल्या आणि गणपती "हूं" म्हणाला.

तर अकरावं स्नान संपलं. स्वयंसेवकांनी तानूबाईचे पाय पुसले. गणपतीनं चप्पल घालायला वाकून ती सरळ केली आणि त्याच्या अंगठ्याला काहीतरी टोचलं. जुन्या चपलेचा खिळा तळ फोडून वर आला होता. त्याच्याभोवती रक्त सुकून काळं पडलं होतं. त्यानं तिचा पाय उचलून तळवा बघितला. अंगठ्याखाली एक भोक होतं, कडा पाण्यानं पांढऱ्या झालेल्या.

"तानू, हे कवा लागलं?"

"काय लागलं?" तानूबाईनं विचारलं.

काल ती बाजारात गेलती. आज सकाळी घरापासून एसटीपर्यंत चालत आलती. त्या खिळ्यावर.

गणपतीनं तो पाय तेजोनाथांना दाखवला. त्यांनी दुरूनच बघून डोळे मिटले. "शुभलक्षण! गंजाला दार सापडलं. औषध लावू नका, पट्टी बांधू नका, वाट अडवू नका. पुढल्या रविवारी आपलं शिबीर तुमच्याच गावी, गडमुडशिंगीत. बारावं स्नान तिथंच."

गुरुवारी अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं. तानूबाई तापानं फणफणली होती, आणि तरी पाय दुखत नाही म्हणत होती. केरबानं कुणाची तरी रिक्षा आणली आणि दोघांनी तिला कोल्हापुरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

वॉर्डातल्या डॉक्टर रक्षिता पट्टणशेट्टी. वय तिशीच्या आत, माहेर निपाणीकडचं, बोलणं तुकडे पाडल्यासारखं. त्यांनी जखम बघितली, साखर तपासली. चारशेच्या वर होती.

"मावशी, दोन बोटं काढावी लागणार. आज-उद्यात काढली तर पाय वाचेल. तुम्ही सही करा."

"न्हाय," तानूबाई म्हणाली. सलाइन तिनं लावून घेतलं होतं, इंजेक्शनंही घेतली होती. "कापायचं न्हाय. रविवारी माझं बारावं स्नान हाय. त्या दिसाला मला सोडा, मग काय करायचं त्ये करा."

डॉक्टरांनी बरंच समजावलं. तानूबाईनं तोंड फिरवलं. शेवटी डॉक्टर गणपतीला घेऊन बाहेरच्या बाकावर आल्या.

"सोमवार सकाळ. त्याच्यापुढं मी थांबू शकत नाही, मामा. विष वर सरकलं तर घोट्याखाली काही राहणार नाही. पाय जाईल, नाहीतर त्याच जातील. कसलं स्नान हे?"

गणपतीनं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज सपाट होता, दुसऱ्याच कुणाचं तरी सांगत असावा तसा. "रक्तवाहिनीतला गंज काढत्यात. त्ये खोटं हाय व्हय?"

"अर्धं खरं आहे. म्हणून तर खपतं." डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "ऐका. रक्तवाहिनीला आतून अस्तर असतं, पेशींचा एकेरी थर. रक्तात साखर फार झाली की त्या पेशींमध्ये ऑक्सिजनचे उपद्रवी कण जास्त तयार होतात. जे सापडेल त्याला डसतात. गंज नव्हे, पण गंजाचा चुलतभाऊ म्हणा. पण पेशी काही हातावर हात धरून बसत नाही. तिच्यात एक निरोप्या असतो. एरवी त्याला एका पहारेकऱ्यानं मानगुटीला धरून ठेवलेलं असतं. हे उपद्रवी कण आले की पहिला चटका त्या पहारेकऱ्याला बसतो. त्याची पकड सुटते. निरोप्या धावत पेशीच्या गाभ्यात जातो आणि सांगतो, उतारा तयार करा. मग पेशी स्वतःच उतारा बनवते आणि ते कण जागच्या जागी विझवते. रक्त एकसारखं वाहत राहिलं की ही तयारी आणखी चांगली राहते. म्हणून आम्ही चाला म्हणतो."

गणपतीनं बाकाच्या स्टीलच्या कडेवर नख ओढलं. मग म्हणाला, "स्टेनलेसवानी. वरखडा पडला तरी वरचा थर आपला आपण धरतोय."

"तसंच! आणि तेच स्टेनलेस तुम्ही कायम मिठाच्या पाण्यात ठेवलं तर?"

"खड्डं पडत्यात."

"मावशींची वाढलेली साखर म्हणजे ते मीठ. महिनोन्‌महिने साखर चढलेली राहिली की निरोप्यासुद्धा थकतो. बारीक रक्तवाहिन्या बुजतात, संवेदना नेणाऱ्या नसा उपाशी पडतात, पाय बधिर होतात. त्यावर एकच उपाय, मीठ कमी करा. म्हणजे साखर उतरवा. त्यासाठी त्या गोळ्या होत्या. आणि हे सगळं पेशीच्या आत चालतं, मामा. ते पायाच्या कातडीतून टबात कसं येईल?"

"पन पानी तांबडं हुतंय की. मी बघितलंय. दोन नाग हायत. एका नागापाशी बुडबुडं येत्यात. दुसरा दर खेपंला जरा बारीक..."

गणपती बोलता बोलता थांबला.

"तुम्ही काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"प्लेटिंग."

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "मग मला कशाला विचारताय?"

राग यायला हवा होता. आला नाही. त्याला फक्त कळलं, आणि कळूनही आत कुठं काही हललं नाही. शुक्रवारी शिफ्ट सुटल्यावर त्यानं कारखान्यात एक बादली घेतली, मूठभर मीठ टाकलं, लोखंडाच्या दोन सळया सोडल्या आणि करंट लावला. प्लसची सळई पिवळं सोडायला लागली, मायनसची फुसफुसायला लागली. वीस मिनिटांत बादली विटेसारखी तांबडी. बसवराज मालक मागे येऊन उभे होते.

"हे काय नवीन? ही तर आपली रोजची टाकी की रे."

"व्हय," गणपती म्हणाला. "रोजचीच."

शनिवारी त्यानं ते सगळं तानूबाईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि मग बायकांना जे सुचतं आणि पुरुषांना सुचत नाही ते बोलली.

"तुमचं पानी तुमच्या लोखंडानं तांबडं झालं. माझं माझ्या पायानं झालं असंल की. त्या टबात पाय न घालता तुमी बघितलंय व्हय?"

तिचं बरोबर होतं. शंका घ्यायची तर अशीच घ्यावी. त्याच टबात, त्याच नागांनी, पायांशिवाय पाणी तांबडं झालं तरच काय ते सिद्ध होणार. आणि शाल बाजूला होईपर्यंत टबात कुणाचे पाय आहेत, हे कुणालाच दिसत नाही.

"तुझी उद्याची पाळी मी घेतो," तो म्हणाला.

रविवारी कोल्हापूरकर आणखी काही करो ना करो, मटणाच्या दुकानासमोर उभा राहतोच. त्या रांगेत गणपतीही राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं बोकडाचे दोन खूर मागितले.

"भाजून देऊ?" दुकानदारानं विचारलं.

"नको. तसंच द्या. धुऊन."

शाळेच्या पटांगणात मांडव पडला होता. निम्मी गडमुडशिंगी तिथं होती. धोंडुबाई तर शाहूपुरीहून पाठोपाठ आली होती. गणपतीनं तेजोनाथांना सांगितलं, बायको दवाखान्यात आहे, तिच्या जागी मला बसवा. तेजोनाथांनी क्षणभर विचार केला. नाही म्हणावं तर गिऱ्हाईक जातं, हो म्हणावं तर शास्त्र आडवं येतं. पण शास्त्र त्यांच्याच खिशातलं होतं.

"का नाही? ती अर्धांगिनी आहे. म्हणजे तिचा अर्धा गंज तुमच्यातच! बसा."

स्वयंसेवकांनी शाल पांघरली. "पाय सोडा पाण्यात," म्हणाले आणि पुढच्या खुर्चीकडे वळले. गणपतीनं शालीखाली पिशवीतून खूर काढले आणि पाण्यात सोडले. स्वतःचे पाय टबाच्या दोन बाजूंना जमिनीवर ठेवले. पेटीचं बटण दाबलं गेलं. फुसफुस सुरू झाली.

अर्धा तास तो तसाच बसला. पाण्याचा वास वर येत होता, आंबूस, खारट, लोखंडी. कारखान्यात रोज येतो तोच. अकरा रविवार हा वास त्याच्या नाकाखाली होता. नाक ठिकाणावर होतं, माणूस नव्हता. मांडवात तेजोनाथ ऑक्सिडेशन, अमेरिका आणि ऋषी यांची भेळ कालवत होते. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, आणि जेवणारे मात्र खरोखरीचे.

शाल टबावरून ओढली गेली; गुडघ्यांवरची तिची कड मात्र गणपतीनं धरून ठेवली, म्हणून त्याचे पाय झाकलेलेच राहिले. पाणी तांबडंलाल. फेसाखालचं काही दिसत नव्हतं.

"पाहा!" तेजोनाथ कडाडले. "बावीस वर्षांचं कारखान्याचं केमिकल! आणि हा काळा गाळ. गावकरी हो, हे या बापाचं दुःख आहे. तरणाताठा मुलगा गेला, हा माणूस रडला नाही. आज त्याचं काळीज पाण्यात उतरलं!"

दोन बायका रडायला लागल्या. त्यांना संघर्ष ठाऊक होता.

"कुनाचं म्हनला?" गणपतीनं विचारलं.

"तुमचं, दादा. तुमचंच."

"माझं न्हाय," गणपती उभा राहिला. त्याचे पाय कोरडे ठणठणीत होते, वाटेवरची धूळ तशीच चिकटलेली. त्यानं टबात हात घातला आणि खूर वर काढून सगळ्यांना दिसतील असे धरले. तांबडं पाणी त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं. "ह्यो बोकड आज सकाळी कापलाय. ह्याला साखर न्हाय. ह्याचं पोरगं मेल्यालं न्हाय. ह्याच्यात रगत बी ऱ्हायल्यालं न्हाय. मग ह्यो गंज कुनाचा, महाराज?"

पहिल्यांदा धोंडुबाई हसली. मग सारा मांडव.

"प्राण्यातही विष असतं!" तेजोनाथ ओरडले. "तुम्ही पवित्र यंत्राचा अपमान केलात!"

"बरं. मग काईच घालू नगा. रिकामा टब, ताजं पानी, तुमचं मीठ, तुमचं नाग. शाल बी नगो. लावा."

"रिकाम्या पाण्यात नाग जागत नाहीत!"

"जागत्यात का न्हाय, त्ये बघू की!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळेच "लावा, लावा" करू लागले. शाळेच्या नळावरून केरबानंच बादली आणली. गणपतीनं टब धुतला, पाणी ओतलं, मीठ टाकलं. नाग अडकवण्याआधी त्यानं दोन्ही शेपटीला धरून उंच केले.

"बगा. ह्यो एक हाय तसा हाय. ह्या दुसऱ्याची शेपटी निम्मी खाल्लीया. दोघं बी अंगातलं इष वढत असतील, तर एकलाच का झिजतोय? कारन ह्याला प्लस जोडलंय. आमच्या टाकीत बी प्लसची पट्टी अशीच झिजती, आमी महिन्याला बदलतो. ह्यो नाग लोखंडाचा हाय. करंट लावला की लोखंड मिठाच्या पान्यात इरघळतंय आनि त्याचा गंज हुतोय. दुसऱ्या नागापाशी पान्यातनं वायू सुटतोय, त्योच तुमचा फूत्कार. टब बी प्लास्टिकचा का? पितळंचा असता तर करंट टबातनंच पळाला असता."

बटण दाबलं. उन्हात दोनशे माणसं एका रिकाम्या टबाकडे बघत उभी राहिली. आधी शेपटीपासून पिवळा धागा सुटला. मग पाणी गढूळलं. मग तांबूस. वीस मिनिटं कुणी हललं नाही. टबात पाय नव्हते, खूर नव्हते, दुःख नव्हतं, आणि पाणी विटेसारखं लाल झालं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

तेवढ्यात तेजोनाथांच्या खिशातला मोबाईल वाजला, किंवा वाजला असं त्यांनी ठरवलं. "हॅलो, अमेरिका?" असं मोठ्यानं म्हणत ते रेंज शोधत मांडवाबाहेर गेले ते गेलेच. शक्तिपेटी तशीच राहिली. केरबानं तिच्यावरचं भगवं फडकं काढलं. आत गाडीची बॅटरी चार्ज करायचं साधं यंत्र होतं. केरबा ते बघून मटकन खाली बसला. गोळ्या बंद केलेली आणखी नऊ माणसं त्यानंच नेली होती.

"मग माझं गुडघं दुखायचं का थांबलं रं?" धोंडुबाईनं रागानं विचारलं. हसून झाल्यावर तिला ते आठवलं होतं.

"अर्धा तास कोमट पान्यात पाय सोडून निवांत बसलीस, मावशे. बरं वाटनारच. घरी घमेल्यात बस. पन गोळी बंद करू नगंस."

गणपतीनं त्या पाण्याची एक बाटली भरून घेतली. लोक पाठीवर थाप मारत होते. थाप त्याला कळत होती, पण कुणा दुसऱ्याच्या पाठीवर पडल्यासारखी.

दुपारी त्यानं बाटली तानूबाईच्या खाटेजवळच्या कपाटावर ठेवली. खुरांचं सांगितलं, रिकाम्या टबाचं सांगितलं. तिनं बाटली हलवून बघितली. गाळ वर आला आणि पुन्हा खाली बसला.

"मला वाटलंच हुतं," ती म्हणाली.

गणपतीनं मान वर केली. "काय?"

"तिसऱ्या-चौथ्या खेपंलाच. पाय तर तसंच बधिर. गंज निघतोय तर कायतरी कळाया नगं?"

"मग जात का हुतीस? सही का करंनास?"

तानूबाईनं बाटली परत कपाटावर ठेवली. मग हळूच म्हणाली, "पोरगं गेल्यापास्नं तुमी माझ्याजवळ बसला न्हाईसा. तितं बसायचा. अर्धा तास. माझ्या चपला धरून. बारावं झालं की ते बी बंद. आनि पाय कापून घरी आले, की तुमी भिंतीकडंच तोंड करनार."

गणपती खाटेच्या कडेला बसला, तिच्या पट्टी बांधलेल्या पायावर हात ठेवला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा रडला. वॉर्डातली माणसं बघत होती. त्याला लाज वाटली नाही. लाजण्यासारखं त्यानं जे केलं होतं, ते आधीच करून झालं होतं.

"सही कर," तो म्हणाला. "मी बसतो. रोज."

सोमवारी सकाळी दोन बोटं गेली. पाय राहिला.

हे दोन हजार सहा सालचं. शक्तिपेटी आणि नाग पोलिसात जमा झाले. गणपतीनं नंतर तसेच दोन नाग कारखान्यातल्या भंगारातून बनवले आणि सुट्टीच्या दिवशी तो गावोगाव रिकामा टब मांडायला लागला. बरोबर केरबा असतो, पाण्याच्या बादल्या तोच भरतो. नऊ जणांच्या घरी जाऊन तो आधीच हात जोडून आला आहे. गणपतीचं भाषण लहान आहे. तो म्हणतो, "कुनी काय बी दाखवलं तर पयलं इचारा, माझा पाय काढला तर बी असंच हुतंय का? एवढंच इचारा. बावीस वर्सं ह्या कामात असून मी इचारलं न्हाय. माझ्या बायकूची दोन बोटं गेली."

संध्याकाळी तो घरी येतो. जेवणाआधी तानूबाईचा पाय मांडीवर घेऊन, ट्यूबलाइटखाली तळवा, टाच, बोटांच्या सांदी तपासतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, जिथं कळत नाही, तिथं डोळ्यांनी बघायचं, रोज. तो टाचेवर बोट दाबतो.

"कळतंय?"

"न्हाय."

"असूंदे. मी बघतोय."